साखळीवर माझी आय बसली होती

ज्या घरात मी जन्मले ते घर आता सोमवारी बंद असतं. बाकीच्या दिवशी दहा ते पाच उघडं. दारात निळ्या युनिफॉर्ममधला वॉचमन असतो. तो येणाऱ्याचं नाव वहीत लिहून घेतो आणि चपला बाहेर काढायला लावतो. आम्ही तिथे राहायचो तेव्हा चपलांचा प्रश्नच नव्हता. चपला फक्त माझ्या बापाकडे होत्या, आणि खारीत, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतात, उतरताना तोही त्या काढून बांधावर ठेवायचा. भिंतीवर काळ्या ग्रॅनाइटची पाटी आहे: येथे साहेबांचे बालपण गेले. तेवढं वाक्य खरं आहे. साहेब, म्हणजे माझा आतेभाऊ नामदेव, नऊ वर्षांचा असताना उरणहून आमच्याकडे आला आणि सहा वर्षं राहिला. पुढे तो आमदार झाला, मंत्री झाला, आणि वारला तेव्हा आमच्या सगळ्या पट्ट्यातली दुकानं दोन दिवस बंद होती. पाटी खरी आहे. पाटीच्या आतलं घर खोटं आहे. माझं वय आता सत्तरीला टेकलं, आणि ज्यांना विचारून खातरजमा करता येईल अशी माणसं गावात दोन-तीनच उरली. म्हणून हे लिहिते. रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणाला ते शोधत बसायला नको.

घर रबाळ्याच्या खाडीकडच्या अंगाला, गावाच्या अगदी कडेला होतं. पुढे ओटी, मग मधली खोली, मागे चूल आणि चुलीवर पेंढा ठेवायचा माळा. स्मारकात चूल मधल्या खोलीत मांडली आहे, लोकांना फोटो नीट काढता यावा म्हणून. मधल्या खोलीत चूल पेटवली असती तर आम्ही सगळे धुराने आंधळे झालो असतो. आम्ही आईला आय म्हणायचो. तिचं नाव जोमाबाई. ती पहाटे तांदळाच्या भाकऱ्या थापायची, आणि तो थपथप आवाज बंद झाला की आपण उठायचं, हे आम्हा भावंडांना न सांगता कळलेलं होतं. भाकरीबरोबर बहुतेक दिवस सुकट नाहीतर जवळा, लसूण ठेचून परतलेला. खाडीला पाणी उतरलं की आय टोपली घेऊन चिखलात जायची आणि चिंबोऱ्या किंवा निवट्या, ते चिखलातले बोटभर मासे, आणायची. निवट्या टोपलीत उड्या मारत राहायच्या, आणि झाकणावर आतून आदळणारा त्यांचा तो मऊ आवाज मला आजही मासळीबाजारात गेलं की ऐकू येतो, तिथे निवट्या नसल्या तरी. बापाचं नाव हिराजी. तो अर्धं वर्ष मिठागरात आणि अर्धं वर्ष आमच्या खारीतल्या भातात असायचा. फार न बोलणारा माणूस. मिठागरातल्या कामाने त्याच्या पायाचे तळवे फुटलेले असायचे आणि आय त्यात करंजाचं तेल भरायची.

नामदेव आमच्याकडे आला त्याचं कारण साधं होतं. आत्याचा नवरा होडी उलटून गेला, आत्या दुसऱ्यांच्या घरी कामाला लागली, आणि पोराला कोण बघणार म्हणून बापाने त्याला आणलं. त्याच्याजवळ एक पिशवी होती आणि तो पहिले आठ दिवस कुणाशी बोलला नाही. नवव्या दिवशी आयने त्याच्या पुढ्यात चिंबोरीचा मोठा डेंगा, म्हणजे नांगी, ठेवला, जो घरात नेहमी बापाला मिळायचा, आणि म्हणाली, “बाला, फोडाला येतं कं तुना?” तो म्हणाला, “येतं.” त्यानंतर तो बोलायचा थांबला नाही, आणि आय त्याला बाला म्हणायची थांबली नाही. माझा धाकटा भाऊ दिलीप तेव्हा रांगत होता. त्यामुळे घरातली मोठी पोरं म्हणजे नामदेव आणि मी. आम्ही एका वयाचे, एका वर्गात. तो बोलायला हुशार. शाळेत गुरुजींनी प्रश्न विचारला की उत्तर येवो न येवो, हात त्याचा वर. मी लिहायला हुशार. सातवीच्या परीक्षेत मी त्याच्या पुढे होते, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये असेल, कुणी अजून फाडलं नसेल तर.

सातवीनंतर हायस्कूल ठाण्याला. नामदेव गेला, मी घरी राहिले. याबद्दल घरात चर्चासुद्धा झाली नाही. पोरीने रोज ठाण्याला जायचं ही गोष्ट तेव्हा आमच्या गावात कुणी बोलायच्याही लायकीची समजत नव्हतं. मी भांडले नाही. मला वाटायचं की तो जे शिकेल ते मला येऊन सांगेल, आणि तसं त्याने सांगितलंही. संध्याकाळी ओटीवर बसून तो मला वर्गात काय झालं ते सांगायचा आणि मी त्याचे मराठीचे निबंध लिहून द्यायची. त्याला लिहायचा कंटाळा होता. मला लिहायला कारण हवं होतं. दोघांचं भागायचं. स्मारकात काचेच्या पेटीत एक निबंधाची वही आहे, खाली लिहिलंय: साहेबांचे सुंदर हस्ताक्षर. अक्षर माझं आहे. माझा ‘झ’ अजून तसाच येतो, शेपटी डावीकडे वळलेला. मी अंगणवाडीत तीस वर्षं काम केलं, माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांना विचारा.

आता मुख्य गोष्ट. त्या वर्षी भात चांगलं आलं होतं. लोंब्या भरून वाकल्या होत्या, आठ-दहा दिवसांत कापणी. कारखान्यांसाठी जमीन जाणार असं दोन वर्षं ऐकू येत होतं, कागदही आले होते, पण कागद आला म्हणजे माणूस येतो हे आम्हाला कळलेलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी माणसं आली. मोजणीचे साहेब, त्यांचे चार मदतनीस, लाल-पांढऱ्या काठ्या, लाकडी खुंट्यांची पोती आणि एक लांबलचक लोखंडी साखळी. बरोबर दोन पोलीस. गावातले पुरुष मिठागराच्या बांधाच्या कामावर गेले होते, कारण उधाण जवळ आलं होतं. गावात बायका आणि म्हातारे. मी आयबरोबर न्याहारीची टोपली घेऊन शेताकडे निघाले होते. आम्ही बांधावर आलो तेव्हा दोन मदतनीस साखळी ओढत आमच्या भातातून चालले होते. साखळीखाली लोंब्या आडव्या पडत होत्या. तो आवाज फार मोठा नव्हता. सुक्या पानात कुणी बोटं फिरवावीत तसा.

आयने टोपली डोक्यावरून उतरवली. तिने आरडाओरडा केला नाही. ती भातात शिरली, पुढे चाललेल्या साखळीवर टोपली ठेवली, आणि टोपलीशेजारी साखळीवरच बसली. लुगड्याचा काष्टा, पाय पसरलेले, हात मांडीवर. मागून साखळी ओढणाऱ्या माणसाला आधी कळलंच नाही की ती का अडली.

साहेब बांधावरून म्हणाले, “बाई, उठा. हे सरकारी काम आहे.”

आय म्हणाली, “कुनाचा भात हाय ह्यो?”

“ते आम्हाला माहीत नाही. नंबर आहे आमच्याकडे.”

“मना नंबर नाय. मना भात हाय. कापून झाल्याव या.”

“बाई, असं चालत नाही.”

“मंग बसा. मी पन बसलंय.”

मी बांधावर उभी होते, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगायचं तर लाज वाटली. एवढ्या माणसांसमोर आय पाय पसरून बसली म्हणून. मग वाटलं, नामदेवला बोलवावं, तो बोलेल, त्याला साहेबांशी कसं बोलतात ते येतं. तो पोट दुखतंय म्हणून त्या दिवशी शाळेत गेला नव्हता. मी धावत घरी आले. तो ओटीवर नव्हता, मधल्या खोलीत नव्हता. माळ्यावर पेंढ्यामागे बसला होता. पोलीस आल्याचं त्याने ओटीवरून पाहिलं होतं. मी म्हटलं, “नाम्या, आय साखळीवर बसलीय, चल.” तो म्हणाला, “माझं नाव लिहून घेतलं तर शाळेतून काढतील.” मी म्हटलं, “कोण काढतंय?” तो म्हणाला, “तू जा. मी येतो.” तो आला नाही.

त्याच्या भीतीबद्दल माझा त्याच्यावर राग नाही. पंधरा वर्षांच्या पोराने पोलिसांना घाबरू नये असं मी म्हणणार नाही. मीही घाबरले होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण स्मारकवाले म्हणतात की मी जळते.

मी परत गेले तेव्हा आयच्या शेजारी आणखी सहा बायका येऊन बसल्या होत्या. शेजारची नागूकाकी तान्हं पोर घेऊन आली होती आणि त्याला पाजत बसली होती. दुपारपर्यंत सगळं तसंच. सूर्य डोक्यावर आला तेव्हा आयने टोपली उघडली आणि बायकांना भाकरी वाटली. एक भाकरी तिने एका मदतनिसापुढेही धरली. तो घेणार होता, पण साहेबांकडे बघून त्याने हात मागे घेतला. मग पोलिसांनी आयला उठवलं. तिचे दोन्ही दंड धरून तिला बांधावरून नेलं आणि चौकीत बसवलं. बाकीच्या बायकांना हाकललं. पोलिसांशिवाय साखळी त्या दिवशी पुढे गेली नाही. आमचं भात कापून झाल्यावरच मोजणीवाले परत आले. एवढंच तिने मिळवलं. एका हंगामाचं भात. जमीन गेलीच. ती बसली होती तिथे आता केमिकलचं गोदाम आहे आणि त्याच्या भिंतीवर धोक्याची कवटी काढलेली आहे.

आय दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आली. चौकीत तिच्याशी कोण कसं वागलं ते तिने कधी सांगितलं नाही. ब्लाउजची बाही फाटली होती. बाप उठला, चुलीपाशी गेला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा चूल पेटवली. भात करपला. आम्ही तो करपलेला भात गुपचूप खाल्ला. नामदेवही आमच्यात बसला होता आणि त्याने मान वर केली नाही.

महिन्याभराने त्याच्या हायस्कूलात वक्तृत्वाची स्पर्धा होती. विषय होता, माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग. तो ओटीवर माझ्याकडे वही घेऊन आला. मी लगेच लिहायला बसले, कारण माझ्या डोक्यात ते सगळं भरलेलं होतं. माझी मामी, असं मी सुरू केलं. दोन पानं झाली. त्याने वाचलं आणि म्हणाला, “मंजू, ह्याला बक्षीस नाही मिळणार. प्रसंग माझ्या आयुष्यातला पाहिजे.”

मी म्हटलं, “पण तू तिथे नव्हतास.”

“भाषण आहे ते. कोर्टात शपथ घ्यायची नाही मला. तू ‘मी’ लिही.”

“आणि आय?”

“आयला काय फरक पडतो? तिला बक्षीस पाहिजे का?”

मी ‘मी’ लिहिलं. कुणी माझा हात धरला नव्हता. ‘माझी मामी’ खोडलं आणि वर ‘मी’ लिहिलं, मग नवं पान घेऊन सगळं पुन्हा उतरवलं. आणि एकदा ‘मी’ लिहिल्यावर ते मला आवडायला लागलं. आयचं बोलणं होतं तसं ठेवलं तर भाषणात शोभत नव्हतं. ‘कापून झाल्याव या’ याला टाळ्या कोण देणार? म्हणून मी वाक्य रचलं. ‘साहेब, ही साखळी आधी माझ्या छातीवरून न्या, मग माझ्या शेतावरून.’ हे वाक्य त्या शेतात कुणीही बोललं नाही. ते मी, मंजुळा हिराजी भोईर हिने, ओटीवर पोटावर झोपून, शिसपेन चावत लिहिलं. आज ते स्मारकाच्या भिंतीवर स्टीलच्या अक्षरांत आहे. खाली नामदेवचा पुतळा, छाती पुढे काढलेला, पायाशी साखळी. शाळेच्या सहली त्यापुढे उभ्या राहून फोटो काढतात.

त्याला पहिलं बक्षीस मिळालं. ते तिथेच थांबलं असतं तर मी विसरले असते. पण स्पर्धेला एक शेतकऱ्यांचे पुढारी पाहुणे म्हणून आले होते आणि त्यांना असा पोरगा हवाच होता. पंधरा दिवसांनी आमच्या गावच्या मैदानात पाच-सात गावांची सभा झाली. बैलगाडीचं व्यासपीठ केलं होतं. त्यावर नामदेवला उभं केलं, आणि त्याने तेच भाषण केलं. आता त्याने ते आणखी फुलवलं होतं. पोलिसांनी त्याला मारलं, त्याच्या ओठातून रक्त आलं, असं सगळं. आमच्या गावच्या लोकांना खरं काय ते माहीत होतं. त्या सहा बायका समोर बसल्या होत्या. नागूकाकी माझ्या शेजारी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसली आणि म्हणाली, “बोलू दे गो. गावाचाच नाव होतंय.” पुरुष टाळ्या वाजवत होते. माझा बाप वाजवत नव्हता, पण तो उठूनही गेला नाही. व्यासपीठावरून जे बोललं गेलं ते त्या संध्याकाळी खरं झालं. हे असंच होतं, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं आहे. कुणी मोठा कट करत नाही. सगळे थोडे थोडे गप्प बसतात.

आय बायकांच्या शेवटच्या रांगेत होती. घरी येताना वाटेवर तिने नामदेवला गाठलं. अंधार पडायला वेळ होता, तिचा चेहरा मला नीट दिसत होता. ती चिडलेली नव्हती. खरंच विचारावं तसं तिने विचारलं, “मंग मी कुठं व्हती?”

तो म्हणाला, “मामी, ते भाषण आहे.”

ती म्हणाली, “तां समाजला. पन मी कुठं व्हती?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याने सांगितलं नाही की लिहिणारी मी होते. त्याचा एवढा एक उपकार माझ्यावर आहे, आणि मला तो नको होता. घरी गेल्यावर आयने त्याला रोजच्यासारखं वाढलं, भाकरी, जवळा, वरून कांदा. ताट ठेवलं आणि ती बाहेर जाऊन बसली. त्या दिवसापासून ती त्याला बाला म्हणाली नाही. नामदेव म्हणायची, पूर्ण, शाळेतल्या हजेरीसारखं. वर्षाच्या आत पुढाऱ्यांनी त्याला ठाण्यालाच ठेवून घेतलं.

तो पुढे वाईट माणूस झाला असं मला म्हणता येत नाही, आणि याचाही मला रागच आहे. त्याने गावात नळ आणला. शाळेला इमारत दिली. जमीन गेलेल्यांना बदली प्लॉट मिळावेत म्हणून तो खरोखर भांडला, एकदा तुरुंगातही गेला, तेव्हा मात्र स्वतः गेला. मी ज्या इमारतीत आज राहते ती अशाच प्लॉटवर उभी आहे. पण प्रत्येक निवडणुकीला, प्रत्येक सभेत, साखळी यायचीच. मी एकदा, तो मंत्री असताना, त्याला गाठून म्हटलं, “नाम्या, आता तरी सांग. तुला आता कशाची कमी आहे?” तो हसला. “मंजू, लोकांना ते पाठ आहे. आता बदललं तर लोक म्हणतील बाकीचंही खोटं.” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणून तर तो तसा वागला.

तो गेल्यावर प्रतिष्ठान झालं. घर तोपर्यंत दिलीपच्या नावावर होतं. त्याने ते प्रतिष्ठानला दिलं आणि आयला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. त्यात मी पडले नाही, भिंतींना ओल आली होती आणि आयचे गुडघे गेले होते. मग प्रतिष्ठानची दोन माणसं कॅमेरा घेऊन माझ्याकडे आली. ‘ताई, साहेबांच्या बालपणीच्या आठवणी.’ मी विचार केला, हीच वेळ आहे. मी दोन तास बोलले. माळा, पेंढा, खुंट्या, भाकरी, ‘कापून झाल्याव या’, वही, सगळं. ‘मी’ कुणी लिहिलं तेही सांगितलं. ती मुलगी मान हलवत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मला वाटलं झालं काम. उद्घाटनाच्या दिवशी त्या घराच्या मधल्या खोलीत टीव्ही लावला होता आणि त्यात मी होते. मी म्हणत होते, “तो बोलायला फार हुशार. नवव्या दिवशी आयने त्याच्या पुढ्यात चिंबोरीचा डेंगा ठेवला.” मग मी हसत होते. मग पुन्हा पहिल्यापासून. दोन तासांतलं एवढंच त्यांनी ठेवलं होतं. अजूनही ते चालूच असतं, दहा ते पाच, सोमवार सोडून. मी त्या घरात उभी राहून दिवसभर त्याची साक्ष देते.

आयला त्यांनी पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. शाल, श्रीफळ, आणि माइकवरून घोषणा झाली: साहेबांना मायेने घास भरवणाऱ्या मामी. ती नव्वदीच्या आसपास होती, पण कान शाबूत होते. तिने शाल मांडीवर ठेवली आणि समोरच्या पुतळ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी दिलीपच्या घरी गेले आणि तिला सगळं सांगितलं. पन्नास वर्षांहून जास्त मी ते पोटात ठेवलं होतं. तिच्या लेखी नामदेवनेच ते भाषण रचलं होतं.

“कोन लिवला म्हनतंस?”

“मी, आय.”

“सगला?”

“सगळं. छातीवरून साखळी न्या, तेही माझंच.”

ती म्हणाली, “मना वाचाला येत नवता. नायतर तवाच फाडला असता.” आणि थोड्या वेळाने, “त्यो परघरचा पोर. तू माज्या पोटाची.”

त्यानंतर ती जगली पाच महिने. मी रोज जायची. ती माझ्याशी बोलायची, गुडघ्यांबद्दल, हवेबद्दल, शेजाऱ्यांबद्दल. पण मी डबा नेला तर म्हणायची, “जेवलं मी.” सुनेच्या हातचं खायची. माझ्या हातचं तिने शेवटपर्यंत खाल्लं नाही. मी तिला दोष देत नाही. मला फक्त ते लिहून ठेवायचं होतं.

ती गेली तेव्हा प्रतिष्ठानने पुष्पचक्र पाठवलं, त्यावर पट्टी, साहेबांच्या मामी. मी ते जिन्यातच ठेवायला लावलं. आमच्या गावात कुणी वारलं की नाक्यावर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, फोटो, नाव, आणि खाली घरच्यांची नावं. दिलीप म्हणाला, मी करून घेतो. मी म्हटलं, मी करते. जवळच्या पावणे गावात एका गाळ्यात साताऱ्याकडचे एक गृहस्थ फ्लेक्स छापतात, त्यांच्याकडे मी मजकूर लिहून नेला. त्यांनी वाचला, चष्मा वर केला.

“मावशी, ह्ये असंच छापायचं?”

“असंच.”

“लोकं मला विचारतील.”

“माझं नाव सांगा. खाली टाकलंय.”

फ्लेक्सवर आयचा फोटो होता आणि लिहिलं होतं: कै. जोमाबाई हिराजी भोईर. मोजणीची साखळी हिने अडवली. दुसऱ्या कुणी नाही. खोटं भाषण लिहिणारी तिची मुलगी, मंजुळा. तो मी स्मारकाच्या समोरच्या नाक्यावर लावला. त्या नाक्यावर तेव्हा वाढदिवसाचे, नियुक्तीचे, दहीहंडीचे मिळून वीसेक फ्लेक्स होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे सगळे होते, माझा नव्हता. बेकायदा होता म्हणे. मी दुसरा छापला. तो दुपारपर्यंत टिकला. दिलीपचा फोन आला.

“ताई, कशाला टेन्शन घेतेस? मला इथे राहायचंय. माझी पोरं आहेत.”

मी म्हटलं, “माझं नाव आहे त्यावर. तुझं नाही.”

“पण लोक मला विचारतात ना.”

“मग सांग त्यांना.”

तो म्हणाला, “मी तेव्हा लहान होतो, मला काय माहीत?” आणि फोन ठेवला. तो खोटं बोलला नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं, कारण आम्ही कुणी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

तिसरा फ्लेक्स मी माझ्या गॅलरीला बांधला. माझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे आणि सहलीच्या बस जिथे थांबतात तिथून गॅलरी समोरच दिसते. आठवड्यात सोसायटीची नोटीस आली, इमारतीच्या दर्शनी भागाला बाधा. मग सेक्रेटरी स्वतः आले. चांगले गृहस्थ आहेत, सांगलीकडचे, एका कंपनीत अकाउंट बघतात. दारातच उभे राहून म्हणाले, “काकू, मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण कमिटीवर प्रेशर येतंय. जरा समजून घ्या.”

मी विचारलं, “तुम्ही वाचलंत का त्यावर काय लिहिलंय?”

“वाचलं.”

“मोठ्याने वाचून दाखवा.”

त्यांना वाटलं मी भांडतेय. मी भांडत नव्हते. मी त्यांना गॅलरीत नेलं. उलट्या बाजूने अक्षरं दिसत नव्हती म्हणून त्यांनी कठड्यावरून वाकून, मान वळवून वाचायला सुरुवात केली. पहिल्यांदा घाईघाईत, पुटपुटत. मी म्हटलं, नीट वाचा. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा वाचलं, पूर्ण नाव घेऊन, कै. सकट. खाली एक बस येऊन थांबली होती आणि शाळेच्या मुली रांग लावत होत्या. त्यांच्या बाईंनी आवाज ऐकून वर पाहिलं.